बैठकीच्या उंचीवरून

लंडनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांची मतं घेऊन सर्वोत्तम चित्रपटांची यादी लावतं. 1952 साली डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ पहिला आला. 1962 ते 2002 अशा सलग पाच फेऱ्या ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ पाटलाच्या गादीवर बसावा तसा बसून राहिला. 2012 ला हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’नं त्याला उठवलं. 2022 ला पहिली आली शांताल आकेरमान, तिच्या 1975 च्या ‘जान दीलमन’साठी. 201 मिनिटांचा चित्रपट. त्यात एक बाई बटाटे सोलते, अंथरूण आवरते, भांडी विसळते आणि कॅमेरा जागचा हलत नाही.

यादीवरून पारावर भांडायला मजा येते. पण दिग्दर्शक थोर कशानं होतो, हे काही यादी सांगत नाही. ते बघायचं तर दोनच प्रश्न धरून बसावं: या माणसानं डोळा कुठं ठेवला, आणि किती वेळ ठेवला?

उंचीपासून सुरुवात करू, कारण ती टेपनं मोजता येते.

जपानी घरात माणसं चटईवर बसतात. यासुजिरो ओझूचा कॅमेरा त्या बसलेल्या माणसाच्या नजरेएवढ्या, कित्येकदा त्याहूनही खालच्या उंचीवर असतो. त्यासाठी बुटका स्टँड, लेन्स बहुतेक कायम 50 मिलिमीटरची, म्हणजे फार रुंद न बघणारी. ‘टोकियो स्टोरी’त (1953) कॅमेरा हलतो तो अगदी क्वचित. या उंचीबद्दल पाश्चात्त्य अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय, झेन बौद्ध विचारापर्यंत जाऊन आलेत. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र ढाळजेत सतरंजीवर मांडी घालून बसलं की हे आपोआप कळतं. घर तिथून असंच दिसतं. येणाऱ्याचे आधी पाय दिसतात, उठणाऱ्याचे आधी गुडघे, आणि दारातून कुणी गेलं की रिकामा चौक थोडा वेळ तसाच समोर राहतो. ओझूही माणूस निघून गेल्यावर खोली लगेच सोडत नाही.

हे करून बघायला मोबाइल पुरतो. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर तो टेकवा. बहुतेकांची चूक इथंच होते: कॅमेरा खाली घेतात आणि तोंड वर करतात. मग ओसरीचे खांब मागं कलंडलेले दिसतात आणि समोरच्याच्या नाकपुड्या. ओझूचा कॅमेरा खाली असतो, पण नजर जवळपास सरळ. दुसरी चूक लेन्सची. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद बघते, त्यामुळं कडेला बसलेला माणूस ताणला जातो. दोन ते तीन पट झूम करा आणि आठ-दहा फूट मागं सरका. तिसरी गोष्ट पुढ्यातल्या वस्तूंची. एवढ्या खालून तांब्या, चपला, सुपारीचा अडकित्ता, सगळं चौकटीत मोठं होऊन येतं. ओझू या वस्तू दोन शॉटच्या मध्ये गुपचूप सरकवायचा, चौकट जमावी म्हणून. ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’ (1958) हा त्याचा पहिला रंगीत चित्रपट. त्यातली लाल किटली कुठं कुठं हिंडते तेवढंच बघत बसलं तरी धडा होतो.

आता उजेड.

चौकाच्या वाड्यात दुपारी दोन वाजता उभे राहा. बाहेर गल्लीत ऊन असं पडलेलं असतं की माणसाच्या भुवयांखाली काळे खड्डे दिसतात. चौकाच्या कडेला ओट्यावर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर मात्र मऊ, सावली नसलेला उजेड असतो. कारण तिच्यापर्यंत सूर्य पोचतच नाही, पोचतं ते चौकावरचं सगळं आभाळ. उजेडाचा उगम जेवढा मोठा, तेवढी सावलीची कड विरघळते.

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (1956) बनारसच्या अशाच चौकाच्या घराचा सेट कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचा ठरलं. कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी आधी हरकत घेतली: आभाळाचा उजेड दिव्यांनी कसा आणणार? त्या काळी स्टुडिओत दिवे थेट नटावर मारायची पद्धत होती, आणि एका माणसाच्या चार सावल्या भिंतीवर पडायच्या. मित्रांनी सेटच्या चौकावर पांढरं कापड ताणून बांधलं आणि दिव्यांची तोंडं खालून त्या कापडाकडं केली. कापडावर आपटून उजेड खाली झरला, आणि चौकाला आभाळ मिळालं. याआधी ‘पथेर पांचाली’ करताना मित्र विशीच्या उंबरठ्यावरचे होते आणि त्यांनी एकही चित्रपट चित्रित केलेला नव्हता.

आज लग्नाचं शूटिंग करणारा पोरगाही दिवा छताकडं वळवतो, पण का ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. घरी करायचं तर पांढरं धोतर किंवा थर्माकोलची शीट घ्या, दिवा त्यावर मारा, आणि शीट माणसापासून चार फुटांवर ठेवा. तीच शीट आठ फुटांवर नेली की उजेड निम्मा होईल असं वाटतं, होतो मात्र चौथा हिस्सा. शिवाय लांब गेलेली शीट माणसाच्या दृष्टीनं लहान होते, म्हणून सावली पुन्हा कडक. आणि छत निळं किंवा पोपटी रंगवलेलं असेल तर चेहराही तसाच निघतो. आपल्याकडच्या खोल्यांचे रंग बघता हे फार होतं.

थोर दिग्दर्शकांच्या याद्यांत कॅमेरामन हरवतात, याची मला चीड आहे. राय म्हटलं की मित्र, ओझू म्हटलं की युहारू अत्सुता, कुरोसावाचा ‘राशोमोन’ म्हटलं की काझुओ मियागावा. ही नावं जोडीनंच घ्यावीत, विठ्ठल-रखुमाईसारखी.

उजेड कापडावर पकडता येतो, ऋतू पकडता येत नाही. ‘पथेर पांचाली’चं पहिलं चित्रीकरण 27 ऑक्टोबर 1952 ला झालं. काश नावाच्या उंच गवताचं फुललेलं पांढरं रान, त्यातून अपू आणि त्याची बहीण दुर्गा आगगाडी बघायला धावतात. पुढच्या रविवारी मंडळी उरलेलं काम करायला गेली, तर गुरांनी रान फस्त केलेलं! उभ्या ज्वारीत जनावर शिरलेलं ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. फुलं पुन्हा यायला वर्ष लागणार होतं, आणि राय थांबले. पडद्यावर तो धावण्याचा प्रसंग अखंड वाटतो.

रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचं नशीब याहून वाईट. ‘द सॅक्रिफाइस’च्या (1986) शेवटी घर जळतं, आणि तो प्रसंग एकाच सलग शॉटमध्ये घ्यायचा होता. घर पेटलं, आणि कॅमेरा अडकला. घर पुन्हा बांधलं, पुन्हा पेटवलं. दुसऱ्या वेळी दोन कॅमेरे लावले.

वेळ हाच कच्चा माल असतो हे आपल्याकडं सगळ्यात आधी ओळखलं ते दादासाहेब फाळके यांनी. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा, पण त्याआधी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि थोड्या थोड्या वेळानं त्याच्या चौकटी, म्हणजे एकेक छायाचित्र, टिपत गेले. पडद्यावर बी फुटून वेल वर चढला आणि पैसे देणारे पुढं आले. हरभरा पेरणाऱ्या मुलखात हा प्रयोग प्रत्येक शाळेनं करावा. हिशोब सोपा आहे. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर दहा सेकंदांसाठी 240 लागतात. हरभऱ्याला पाच दिवस द्या, म्हणजे 120 तास. दर अर्ध्या तासाला एक चौकट. बिघडतं कुठं? खिडकीजवळ कुंडी ठेवली की दिवसाचा उजेड बदलतो आणि रोप लुकलुकतं. म्हणून खिडकी बंद, एकच बल्ब कायम चालू, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं प्रकाशाचं माप आणि फोकस दोन्ही लॉक केलेले. मोबाइल चार्जिंगला लावूनच ठेवावा. काढून पुन्हा ठेवला की चौकट केसभर सरकते, आणि केसभर सरकणं पडद्यावर उडी मारल्यासारखं दिसतं. पाणी घालताना कुंडीला धक्का लागला तरी तेच.

पाऊस हा आपल्याकडं वाट बघायचा विषय, अकिरा कुरोसावासाठी तो बांधकामाचा होता. ‘राशोमोन’मध्ये (1950) मोडक्या वेशीखाली तीन माणसं अडकलेली आहेत आणि मुसळधार पाऊस पडतोय. अग्निशमन दलाच्या नळ्यांनी पाणी सोडलं तरी कॅमेऱ्यात पाऊस येईना, कारण मागं राखी आभाळ आणि पुढं पारदर्शक पाणी, दोन्ही एकाच छटेचे. मग पाण्यात काळी शाई मिसळली. आपल्याला मृगाची पहिली सर अंगणात उभं राहून जाणवते, पण मोबाइलमध्ये येत नाही, त्याचं कारण हेच. थेंब दिसायला त्याच्या मागून उजेड हवा आणि त्याही मागं अंधार हवा. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याकडं तोंड करून शूट करा, मागं झाडाचा काळोख धरा, मग रिमझिमही धो-धो दिसते. दिवा तुमच्या पाठीशी असेल तर धो-धो पाऊसही कोरडा.

त्याच चित्रपटात जंगलाच्या सावलीत उजेड कमी पडला तेव्हा मियागावानं आरशांनी सूर्य आत वळवला. ‘सेव्हन सामुराय’च्या (1954) लढाईत कुरोसावानं एकाच वेळी तीन कॅमेरे चालवले आणि लांब लेन्स, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या, वापरल्या. लांबच्या लेन्समुळं पुढचा घोडा आणि मागचा भालेवाला एकमेकांवर चढल्यासारखे दिसतात, चिखल दाट होतो, आणि कॅमेरा दूर असल्यानं नट त्याच्यासाठी लढत नाही, समोरच्याशी लढतो.

आपल्या मातीकडं वळायचं तर पैठण आधी येतं. व्ही. शांताराम यांनी संत एकनाथांवर ‘धर्मात्मा’ (1935) केला, एकनाथ झाले बालगंधर्व. आधीचं नाव ‘महात्मा’ होतं. ते गांधीजींकडं बोट दाखवतं म्हणून सेन्सॉरनं अडवलं. चित्रपट म्हणून मला त्यांचा ‘कुंकू’ (1937) कितीतरी मोठा वाटतो. पार्श्वसंगीत अजिबात नाही. घरातले, दारातले आवाज तेवढे ऐकू येतात. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या मुलीच्या बाजूनं रडायला एकही व्हायोलिन नाही, म्हणून तिचा राग कोरडा आणि खरा राहतो. आजच्या कुठल्याही मालिकेचा प्रसंग आवाज बंद करून बघा, मग ‘कुंकू’चा बघा. कुणाला संगीताची कुबडी लागते ते दोन मिनिटांत कळेल.

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ची (1974) गोष्ट तेलंगणातली, पण तिथली दखनी ऐकताना नांदेडच्या किंवा औरंगाबादच्या बाजारातला माणूस कान टवकारतो. नक्को, हौ, काय कू. 1948 पर्यंत मुलूख एकच होता, निजामाचा. मुंबईच्या हिंदीत ती माणसं बोलली असती तर जमीनदाराच्या वाड्याचा वासच गेला असता. ‘अंकुर’च्या शेवटी एक पोरगं वाड्याच्या काचेवर दगड मारतं. परंड्याला लागून असलेल्या करमाळ्याच्या मुलखातून आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या (2013) शेवटीही दगड आहे, पण तो वाड्यावर जात नाही. कॅमेऱ्यावर येतो. एकोणचाळीस वर्षांत दगडाची दिशा फिरली, आणि ती फिरवायला कॅमेरा कुठं ठेवायचा एवढंच ठरवावं लागलं.

फ्रान्सच्या आन्येस वार्दा यांचं इथं फारसं कुणी नाव घेत नाही, ते घ्यायला हवं. त्यांचा 2000 सालचा माहितीपट ज्या कामावर आहे त्याला आपल्याकडं नेमका शब्द आहे: सरवा. काढणी झालेल्या रानात राहिलेली कणसं, भुईमूग उपटल्यावर मातीत उरलेल्या शेंगा वेचणं. वार्दा लहान डिजिटल कॅमेरा हातात घेऊन फ्रान्समधल्या सरवा वेचणाऱ्यांमागं हिंडतात. आकार बिघडला म्हणून फेकलेल्या बटाट्यांच्या ढिगातून पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे बटाटे घरी आणतात. एकदा कॅमेरा बंद करायला विसरल्या आणि लेन्सचं झाकण दोरीला लोंबकळत नाचताना चित्रित झालं. कुणीही ते कापलं असतं. वार्दांनी ठेवलं, त्याखाली संगीत घातलं. सरवा वेचणारीनं स्वतःच्या रिळाचाही सरवा वेचला.

हे सगळं बघायचं कुठं, हा खरा अडचणीचा भाग. तालुक्याच्या गावी थिएटर असलं तरी ओझू लागत नाही. मग उरतं शाळेचं सभागृह, मंगल कार्यालय किंवा गच्ची, आणि उसना प्रोजेक्टर.

पडदा आठ फूट रुंद धरला तर उंची साडेचार फूट. नेहमीच्या प्रोजेक्टरला रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे बारा फूट. प्रेक्षक सतरंजीवर बसणार; बसलेल्या माणसाचं डोकं पावणेतीन फुटांवर येतं, म्हणून पडद्याची खालची कड चार फुटांवर ठेवा, नाहीतर मागच्या रांगेला सबटायटल दिसत नाहीत आणि अर्ध्या तासात माणसं उठतात. गंमत म्हणजे सतरंजीवरच्या प्रेक्षकाची नजर बरोबर ओझूच्या कॅमेऱ्याएवढी येते. खुर्च्या मांडूच नयेत. भिंतीवर दाखवणार असाल तर चुन्यात नीळ टाकलेली नाही ना, हे बघा. निळीनं पांढरी दिसणारी भिंत चित्र निळसर करते.

सगळ्यात जास्त बिघडतो तो चित्राचा आकार. ‘पथेर पांचाली’, ‘टोकियो स्टोरी’, ‘सेव्हन सामुराय’ जवळपास चौकोनी आहेत, रुंदी 1.37 तर उंची 1. आठ फुटांच्या पडद्यावर ते जेमतेम सव्वासहा फूट रुंद येतात आणि दोन्ही बाजूंना फूटभर काळं राहतं. हटकून कुणीतरी रिमोट घेऊन ते काळं भरून काढतं. मग दुर्गा तीस टक्के रुंद होते. काळं राहू द्यावं. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग शोधून बंद करा. ती दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनानं तिसरी घालते, आणि कुरोसावाची लढाई मालिकेच्या मारामारीसारखी दिसते.

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर काळं म्हणजे खोलीत जेवढा अंधार आहे तेवढंच. म्हणून मे महिन्यात गच्चीवर साडेसातच्या आत सुरू करू नका. दिवसा सभागृहात दाखवायचं तर खिडक्यांना काळं कापड दुपदरी. उन्हाळ्याचा दुसरा त्रास उष्णतेचा. बहुतेक प्रोजेक्टर 35 ते 40 अंशांपर्यंतच चालतात, आणि पत्र्याच्या सभागृहात मे महिन्यात पारा त्याच्या वर असतो. मशीन मध्येच बंद पडतं तेव्हा ते बिघडलेलं नसतं, तापलेलं असतं. हवेच्या जाळीतली धूळ आधी झटका, मागं हातभर जागा मोकळी ठेवा. जुना दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर लाइट गेल्यावर त्याचा पंखाही थांबतो आणि दिवा आतल्या आत भाजतो, म्हणून तेवढ्यापुरता तरी यूपीएस लावा.

एवढा खटाटोप मोबाइल खिशात असताना का करायचा? त्यासाठी अब्बास कियारोस्तामी.

‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’ (1987) त्यांनी उत्तर इराणच्या कोकेर गावाकडं केला. चुकून आपल्याकडं आलेली मित्राची वही परत द्यायला एक मुलगा उजाड टेकडीवरून पळत जातो. टेकडीवरची ती नागमोडी वाट चित्रपटाच्या मंडळींनीच पाडली होती. 1990 च्या जूनमध्ये त्या भागात भूकंप झाला. चित्रपटात काम केलेली मुलं जिवंत आहेत का, ते बघायला कियारोस्तामी तिकडं गेले, आणि त्या शोधातून 1992 चा पुढचा चित्रपट निघाला. एक दिग्दर्शक मुलाला गाडीत घेऊन ढिगाऱ्यांमधून त्या मुलांचा पत्ता विचारत जातो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीची जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर-उस्मानाबादच्या माणसानं कियारोस्तामींचा तो चित्रपट बघावा असं म्हणताना जीभ जड होते, पण बघावा. त्यात प्रेतं नाहीत. एक माणूस मोडक्या वस्तीत अँटेना उभारतोय, कारण फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू आहे. एका जोडप्यानं भूकंपानंतर लगेच लग्न उरकलंय. कॅमेरा कुणाच्याही रडण्याजवळ जात नाही. गाडीतल्या संवादांसाठी कियारोस्तामींचा आवडता कोन खिडकीतला; ‘टेस्ट ऑफ चेरी’त (1997) तर समोरासमोर बोलणारे दोन नट एकत्र बसलेलेच नव्हते, शेजारच्या सीटवर स्वतः दिग्दर्शक बसत असे.

भूकंपाच्या त्या चित्रपटाचा शेवटचा शॉट मात्र खूप दुरून, समोरच्या डोंगरावरून. गाडी उभा चढ चढू बघते, चढत नाही, मागं घसरते. खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला एक माणूस चालत जातो. गाडी पुन्हा वेग घेऊन येते, यावेळी वळण पार करते, पुढं जाऊन थांबते आणि त्या माणसाला आत घेते. मोबाइलवर ही गाडी ज्वारीच्या दाण्याएवढीही दिसत नाही, ती चढली की नाही हेसुद्धा कळत नाही. आठ फुटांच्या पडद्यावर, सतरंजीवर बसून, ती मागं घसरलेली स्पष्ट दिसते.